दहावीनंतर जहाजावर खलाशी व्हायचं असेल तर

मी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून निवृत्त झालो. आमच्या दापोलीकडची पोरं विचारायला येतात, त्यांना पहिलं हेच सांगतो: फी भरण्याआधी डीजी शिपिंगमान्य (डीजी शिपिंग म्हणजे जहाज वाहतुकीचं सरकारी खातं) डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा असेल तर डेकवर घेत नाहीत. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, यावरच त्याची कुठली बाजू आपल्याकडे आहे ते कळतं.

कोर्स जीपी रेटिंगचा, म्हणजे डेक आणि इंजिन दोन्हीकडच्या साध्या खलाशाच्या कामाचा, सहा महिन्यांचा, निवासी. दहावीला एकूण 40 टक्के आणि इंग्रजीतही 40 हवेत. संस्थेला मान्यता आहे का, हे डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. इंडोस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि सीडीसी (खलाशाचं ओळख-नोंद पुस्तक) या दोन्हींशिवाय पुढे काही हलत नाही.

जहाज मिळेपर्यंतच्या मधल्या दिवसांत बोलाईन गाठ, म्हणजे न आवळणाऱ्या फासाची गाठ, शिका. दोरीत छोटा फास करा, टोक त्यातून खालून वर काढा, उभ्या दोरीमागून वळवा आणि पुन्हा त्याच फासात घाला. अंधारात, ओल्या हातांनी जमली पाहिजे.

आता एजंट. आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा नंबर, विचारा आणि पडताळा. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घ्यायला बंदी आहे. पासपोर्ट, मेडिकल, सीडीसीचा खर्च तेवढा आपला. आमच्या वाडीत एकाने कलमांची बाग गहाण टाकून पैसे दिले, पोरगा परक्या बंदरात पगाराविना अडकला. असं पुन्हा कुणाचं होऊ नये.

जहाजावर चढलात की ट्रेनिंग रेकॉर्ड बुक रोजच्या रोज भरा, अधिकाऱ्याची सही लगेच घ्या. वॉचकीपिंगच्या, म्हणजे जहाजावर पहाऱ्याची पाळी करण्याच्या, सर्टिफिकेटसाठी तेच लागतं.