उधाणाआधी खारबांध: किनाऱ्यालगतच्या शेतीला सीआरझेडमध्ये असलेली मोकळीक

चैत्र-वैशाखात खाचरे सुकलेली असतात आणि नारळ-आंब्याच्या बागांत नव्या लागवडीची तयारी सुरू होते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात समुद्र वा खाडीलगत जमीन असणाऱ्यांनी याच दिवसांत आपल्या कामांपैकी किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) निर्बंधांतून कोणती मोकळी आहेत, हे पाहून घ्यावे.

18 जानेवारी 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून साधारण 200 मीटरचा पट्टा, दाट वस्तीच्या गावांत 50 मीटरचा, ‘ना विकास क्षेत्र’ मानला जातो. तेथे शेती, बागायत, कुरणे आणि वनीकरण यांना मनाई नाही. त्यामुळे साडेसात मीटर अंतरावर एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डे खणून नारळ लावणे किंवा वाऱ्याला आडोसा म्हणून सुरू आणि उंडीची रांग उभी करणे यांत अडचण येऊ नये. मात्र खड्डे भरण्यासाठी किनाऱ्यावरची वाळू उचलू नये व वाळूच्या टेकड्या सपाट करू नयेत. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती मूळ जोत्याच्या मर्यादेत करता येते, पण काजूचे नवे पक्के गोदाम ही शेती नव्हे, ते बांधकामच ठरते. शिवाय शेतीला मोकळीक आहे म्हणून झाड तोडण्याचीही आहे असे होत नाही: 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ आणि कांदळही (खाऱ्या पाण्यात वाढणारी खारफुटी) आहेत.

सर्वांत जास्त काळजी खारजमिनीची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताची, घ्यावी लागते. बांधाला खांड (भगदाड) पडली की खारे पाणी दर भरतीला आत येते, त्याबरोबर तिवर या खारफुटीचे बी येते आणि काही वर्षांत भाताच्या खाचराचे कांदळवन होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 सप्टेंबर 2018 च्या निकालामुळे जमीन कोणाचीही असली तरी कांदळवनाचा नाश करता येत नाही आणि त्याभोवती 50 मीटरपर्यंत बांधकामाला व भरावाला बंदी आहे. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असूनही जमीन अशा रीतीने हातची गेलेली कुटुंबे खाडीकाठी आहेत, आणि त्यांचे दुःख खरे आहे. पण रोपे उपटून वा जाळून ती जमीन परत मिळत नाही, उलट गुन्हा दाखल होतो.

म्हणून खांड लहान असतानाच तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, छायाचित्रे ठेवावीत आणि ई-पीक पाहणीत पिकाची नोंद न चुकता करावी. बांध शासकीय योजनेतला असेल तर खारभूमी विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. नवा बांध घालून खाडी अडवण्यास मनाई आहे. क्षार रोखण्याच्या कामांना वाट ठेवलेली आहे, तरी दुरुस्ती जुन्याच रेषेवर करावी आणि तहसील कार्यालयाला आधी कळवून पोच घ्यावी. खांडीत तिवर उगवलेले असल्यास त्याला हात न लावता वनविभागाला बोलवावे. मातीचे काम अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत करावे. उधाणात ओली माती टिकत नाही.

उघाडीच्या (बांधातील पाण्याच्या दाराच्या) झडपाही मेअखेर तपासून ठेवाव्यात, म्हणजे पहिल्या जोरदार पावसाचे गोडे पाणी खाचरात साठवून ओहोटीला सोडता येईल. दोन-तीनदा असे केल्यावर क्षार उतरतात, आणि मगच पनवेल 3 सारख्या खारसहनशील भाताची लावणी करावी.