बाल्डर्स गेट ३ कसा खेळावा : आधी चौघे, मग नायक

या गेममध्ये सुरुवातीलाच अडकून पडणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा सारखीच असते. एक झकास नायक घडवायचा, सगळी चांगली हत्यारं त्याला द्यायची आणि उरलेल्या तिघांनी त्याच्या मागून चालायचं. मग तिसऱ्या-चौथ्या लढाईत नायक सगळ्यांच्या पुढे धावतो, चार शत्रू त्याला घेरतात आणि दोन फेऱ्यांत खेळ आटोपतो.

बाल्डर्स गेट ३ हा चौघांचा गेम आहे. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने तो ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आणला. टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ पासून चालत आला आहे. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे नियम इथे वापरले आहेत. टेबलावर प्रत्येक जण एकेक पात्र सांभाळतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडते. स्क्रीनवरही तेच. गोव्यातली पोरं फुटबॉलच्या आणि गोळीबाराच्या गेमवर वाढलेली, बोटांना वेग भरपूर. इथे वेग लागत नाही. तुमची पाळी आली की हवा तितका वेळ थांबा, विचार करा, कोणी घाई करत नाही. त्यामुळे ज्यांना ‘आपल्याला गेम जमत नाहीत’ असं वाटतं, त्यांनाही मी हाच गेम आवर्जून सुचवतो.

गेम घरी आणणं

जागा सुमारे १५० जीबी लागते आणि ती एसएसडीवर, म्हणजे वेगवान ड्राइव्हवर, हवी. सत्तरीच्या किंवा सांग्याच्या आतल्या वाड्यावर एवढं डाउनलोड म्हणजे कैक रात्रींचं काम. जवळच्या मित्राकडे गेम आधीच असेल तर लॅपटॉप उचलून त्याच्या घरी जा. दोन्ही मशीन एकाच वायफायवर असली आणि दोघांच्याही स्टीमच्या (जिथून गेम विकत घेऊन उतरवतात त्या ॲपच्या) सेटिंगमध्ये नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची परवानगी चालू असली, की बहुतेक फाइल्स त्याच्या मशीनवरून थेट तुमच्याकडे येतात. गेम अर्थातच तुमच्या खात्यावर विकत घेतलेला हवा.

पावसाळ्यात विजेवर विसंबू नका. डेस्कटॉपला यूपीएस लावा आणि एफ५ या बटणाची सवय करून घ्या. ते दाबलं की खेळ सेव्ह होतो, एफ८ दाबलं की शेवटच्या सेव्हवर परत. दार उघडण्याआधी, अनोळखी माणसाशी बोलण्याआधी, लढाईआधी एफ५.

अवघडपणाची पातळी ‘बॅलन्स्ड’ ठेवा. फक्त गोष्ट अनुभवायची असेल तर ‘एक्स्प्लोरर’ घ्या, त्यात कमीपणा नाही. ‘टॅक्टिशियन’ आणि ‘ऑनर मोड’ या कठीण पातळ्या पुढच्या खेपेसाठी राहू द्या.

आपलं पात्र : पार्टीत काय नाही ते बना

इथे १२ क्लास, म्हणजे पात्राचे पेशे, आहेत आणि नवखा माणूस त्या यादीसमोर तासभर बसून राहतो. निवड सोपी करायचा एक मार्ग आहे. आपल्याला पुढे कोण भेटणार आहे ते आधी बघा. अगदी सुरुवातीलाच चार सोबती मिळतात. लेझेल ही फायटर, पुढे उभी राहून घाव घालणारी आणि झेलणारी. शॅडोहार्ट ही क्लेरिक, जखमा भरून काढणारी. ॲस्टेरियन हा ‘रोग’ (rogue), म्हणजे चोरटा, कुलुपं उघडणारा आणि लपून वार करणारा. गेल हा विझर्ड, दुरून मंत्र टाकणारा. यात काय राहिलं? बोलणारा माणूस. या चौघांपैकी कुणाचाही जोर ‘करिश्मा’वर, म्हणजे बोलून छाप पाडण्याच्या गुणावर, नाही आणि या गेममधल्या कितीतरी लढाया नुसत्या बोलण्याने टळतात. म्हणून तुम्ही बार्ड (गाणारा-वाजवणारा), पॅलाडिन (शपथेला बांधलेला योद्धा), सॉर्सरर (उपजत जादूगार) किंवा वॉरलॉक (उसन्या शक्तीवर जादू करणारा) व्हा.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला बार्ड. बार्ड बोलतो, थोड्याफार जखमा भरतो आणि हात चपळ ठेवलात तर कुलुपंही उघडतो. म्हणजे तुम्ही, लेझेल, शॅडोहार्ट आणि गेल अशी पार्टी झाली तरी ‘रोग’ ॲस्टेरियनवाचून अडत नाही. आकडे असे वाटा: करिश्मा १७, डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, विस्डम (समज) १०, उरलेले दोन ८. दहाच्या वर दर दोन गुणांमागे फाशात एक मिळवला जातो, म्हणून सम आकड्यांना किंमत आहे. करिश्मा चौथ्या लेव्हलला १८ करून घ्या.

निवड चुकली असं पुढे वाटलं तर जीव टांगणीला लावू नका. सुरुवातीच्याच एका तळघरात विदर्स नावाचा एक सांगाडा भेटतो आणि पुढे तुमच्या कॅम्पवर, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या जागी, येऊन राहतो. तळघर चुकलं तरी तो कॅम्पवर येतोच. १०० सोन्याच्या नाण्यांत तो कुणाचाही क्लास पहिल्यापासून बदलून देतो, २०० नाण्यांत मेलेल्या सोबत्याला उठवतो. सोबत्यांचेही क्लास बदलता येतात, ही गोष्ट बऱ्याच जणांना फार उशिरा कळते.

पहिली खरी लढाई, लढण्याआधीची

जहाज कोसळून तुम्ही किनाऱ्यावर येता. तिथून थोडं वर चढलं की एका पडक्या प्रार्थनास्थळाच्या दाराशी लुटारूंची एक टोळी उभी असते. नवख्याला पार्टी चालवायला शिकवणारी याहून चांगली जागा सुरुवातीच्या भागात दुसरी नाही, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पहिलं काम, बघणं. पुढे न जाता कॅमेरा फिरवा. अंगणावर दोराने टांगलेली एक प्रचंड धोंड दिसेल. तिच्यावर बाण सोडला की ती खाली कोसळते, खाली जो असेल तो चिरडतो आणि जमिनीला भगदाड पडून आत जायला दुसरी वाट तयार होते. गेम हे कुठेही ओरडून सांगत नाही. डोळे उघडे ठेवणाऱ्याला अशा गोष्टी शेवटपर्यंत सापडत राहतात: तेलाची पिंपं, मोडकळीस आलेले पूल, कड्याच्या टोकाशी बेसावध उभा असलेला पहारेकरी.

दुसरं, आधी बोलून बघा. बार्डला पुढे करा. धमकी द्या, थाप मारा, समजूत घाला. वीस बाजूंचा फासा पडतो आणि त्यात तुमचे गुण मिळवले जातात. क्लेरिककडे ‘गायडन्स’ हा छोटा मंत्र असेल तर संवाद चालू असतानाच तो लावता येतो आणि फाशात आणखी एक ते चारची भर पडते. हा मंत्र कितीही वेळा टाकता येतो, त्यामुळे तो न लावता फासा टाकू नका. टोळी निघून गेली तर रक्त न सांडता अनुभवाचे गुण मिळतात.

तिसरं, लढायचंच ठरलं तर आधी चौघांना सुटं करा. कीबोर्डवर ‘जी’ (G) हे बटण दाबलं की साखळी तुटते आणि प्रत्येकाला वेगळं चालवता येतं. धनुष्यवाल्याला आणि गेलला उंचावर चढवा. वरून खाली मारताना नेम लागण्याच्या आकड्यात दोन वाढतात, खालून वर मारताना दोन कमी होतात. लेझेलला वाटेच्या तोंडाशी उभी करा, म्हणजे शत्रूला मागच्यांपर्यंत पोचण्याआधी तिला तोंड द्यावं लागेल. शॅडोहार्ट मध्ये, सगळे जिच्या टप्प्यात येतील अशा ठिकाणी. आता लपून पहिला बाण सोडा. शत्रू बेसावध सापडले तर त्यांची पहिली पाळी वाया जाते.

लढाई सुरू झाली की प्रत्येकाला एका पाळीत तीन गोष्टी मिळतात: एक ॲक्शन, एक बोनस ॲक्शन आणि ठरावीक अंतर चालणं. तिन्ही वापरल्याशिवाय पाळी संपवू नका. ॲक्शनमध्ये वार किंवा मोठा मंत्र. बोनस ॲक्शनमध्ये उडी, धक्का, औषधाची बाटली पिणं. धक्क्याला हलकं लेखू नका. कड्यावरच्या शत्रूला तलवारीने चार वेळा मारण्यापेक्षा एकदा ढकललेलं बरं. स्क्रीनच्या वर पाळ्यांचा क्रम दाखवणाऱ्या पट्टीत तुमच्या दोन सोबत्यांची चित्रं शेजारी-शेजारी आली असतील तर त्या दोघांच्या पाळ्या मिसळून खेळता येतात. आधी गेलने तेल पसरवायचं, शत्रू घसरून पडला की लेझेलने घाव घालायचा, मग गेलने उरलेली चाल करायची.

आणि मार एकावरच एकवटा. चार शत्रूंना थोडं-थोडं जखमी करण्यात काही मिळत नाही. जिवाचा एकच गुण उरलेला शत्रूही पूर्ण ताकदीनेच मारतो. चौघांनी मिळून एकाला पाडलं की पुढच्या फेरीत तुमच्यावर होणारा एक वार कमी झाला. पार्टी म्हणून विचार करणं म्हणजे काय, ते या एका सवयीतून सगळ्यात लवकर उमगतं.

मंत्रांबद्दल एकच नियम आत्ता लक्षात ठेवा. काही मंत्रांना ‘कॉन्सन्ट्रेशन’ लागतं आणि एका पात्राला असा एकच मंत्र एका वेळी टिकवता येतो. दुसरा टाकला की पहिला विझतो. मंत्र टिकवणाऱ्याला मार लागला तरी विझू शकतो. म्हणून शॅडोहार्टने तिघांवर ‘ब्लेस’ टाकला की तिला मागे घ्या, सगळ्यांच्या नेमात भर घालणारी ती आहे.

कोणी पडलं तर घाबरू नका. पडलेलं पात्र लगेच मरत नाही, जगण्या-मरण्याचे फासे त्याचे चालू असतात. जवळ जाऊन ‘हेल्प’ केलं की ते उठतं. ‘हीलिंग वर्ड’ दुरून चालतो आणि बोनस ॲक्शनच घेतो. औषधाची बाटली त्याच्यावर फेकली तरी चालते!

कॅम्प

झोपायला कचरू नका. ‘लाँग रेस्ट’ला बॅलन्स्ड पातळीवर ४० कॅम्प सप्लाय लागतात, म्हणजे वाटेत मिळणारं खाणंपिणं. दिसेल ते उचला आणि तिथूनच कॅम्पवर पाठवा, म्हणजे पाठीवर ओझं होत नाही. दोन मुक्कामांमध्ये दोन ‘शॉर्ट रेस्ट’ही मिळतात, त्यांत निम्म्याएवढी तब्येत भरून येते. दुसऱ्या लेव्हलपासून बार्डच्या गाण्याने असाच आणखी एक.

पण कॅम्पचं खरं मोल वेगळंच आहे. सोबत्यांच्या गोष्टी रात्रीच्या मुक्कामातच उलगडतात. अन्न वाचवायचं म्हणून जो झोपत नाही, त्याचे कितीतरी प्रसंग कायमचे हुकतात. दर मुक्कामी सगळ्यांशी बोला, मोहिमेवर न नेलेल्यांशीही. त्यांनाही अनुभवाचे गुण मिळत असतात, त्यामुळे पार्टी बदलत राहायला काही अडचण नाही.

उत्तर कुठलं निवडावं

संवादात पाच-सहा पर्याय समोर येतात आणि ‘बरोबर कुठलं?’ हा प्रश्न पडतो. पेडण्यात दशावतार पाहत वाढलेल्यांना हे समजायला सोपं जाईल. तिथे कथानक ठरलेलं असतं, संवाद मात्र नट उभ्याउभ्या रचतो, आपल्या पात्राच्या स्वभावाला धरून. तसंच करा. माझा बार्ड भित्रा आहे की आगाऊ, देवभोळा आहे की हिशेबी, हे आधी ठरवा आणि मग तो जे बोलेल ते निवडा. फासा उलटा पडला म्हणून दर वेळी एफ८ दाबू नका. फसलेल्या थापेतून जी गोष्ट पुढे जाते, ती पुष्कळदा जमलेल्या थापेपेक्षा रंगतदार असते, आणि या गेमच्या लेखकांनी त्या वाटांवरही तितकेच कष्ट घेतले आहेत. संवादाची भाषा इंग्रजी आहे, मराठी नाही. इंग्रजी जड जाणाऱ्या कुणाला सोबत घेऊन खेळत असाल तर एकाने वाचून मराठीत सांगत जावं. गेम मात्र मोठ्यांसाठीचा आहे. हिंसा आणि शृंगार दोन्ही उघड आहेत. नग्नता सेटिंगमधून झाकता येते, तरी लहान मुलांसमोर हा लावू नका, थोराड झालेल्यांनाच घ्या.

भावंडांबरोबर खेळायचं तर

चतुर्थीला घरी चुलत-मावस भावंडं गोळा झाली की चौघांनी मिळून खेळायचा मोह होतो. ऑनलाइन चौघांना खेळता येतं, प्रत्येकाकडे गेम हवा. एकाच टीव्हीवर दोघांना, दोन कंट्रोलर जोडून, एकाच प्रतीवर. पण चौघांनी चार नवी पात्रं बनवली की पार्टी भरली, आणि लेझेल-शॅडोहार्टसारखे सोबती कॅम्पवरच बसून राहतात. त्यांच्या गोष्टींशिवाय हा गेम अर्धा उरतो. दोघांनी खेळा, प्रत्येकाने आपलं एक पात्र आणि एक सोबती सांभाळा. बाकीच्यांना बाजूला बसून ‘थांब मरे, आधी वर चढ’ असं सांगायला भरपूर वाव राहतो.

होस्ट, म्हणजे ज्याच्या मशीनवर मोहीम चालते तो, कोण हे पहिल्याच दिवशी ठरवा. सेव्ह त्याच्याकडे राहतो आणि तो नसेल तर तुमची मोहीम पुढे सरकत नाही. सुट्टीनंतर पुण्याला परतणाऱ्याने होस्ट होऊ नये, घरी राहणाऱ्याने व्हावं. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचपासून (म्हणजे गेमच्या सुधारित आवृत्तीपासून) पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाले एकमेकांबरोबर खेळू शकतात, त्यामुळे गेलेल्या भावाला रविवारी संध्याकाळी तिकडून त्याच मोहिमेत शिरता येईल. त्यासाठी दोघांनीही लॅरियनचं खातं उघडून गेमला जोडून ठेवा, आणि हे तो घरी असतानाच करून घ्या.