शिक्षण परिषदेतलं वर्गापर्यंत कसं पोचवावं

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, मासिक शिक्षण परिषद संपते, शिक्षक नागपूरची बस गाठतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जसं चालू होतं तसंच चालू राहतं. दोष शिक्षकांच्या अनास्थेवर टाकून मोकळं होता येतं, पण खरं कारण त्या दिवसाच्या आखणीत असतं. अर्ध्याहून जास्त वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो, मग कुणीतरी पीपीटी दाखवतं, शेवटी आभारप्रदर्शन. वर्गात नेमकं काय करायचं ते हातात पडतच नाही. राज्यात ४८६० केंद्रांची रचना आहे ती शिक्षकाला वर्गात मदत मिळावी म्हणून. टपाल पोचवायला मोबाइल पुरतो.

खालची पद्धत केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक किंवा परिषदेत विषय मांडणारे सुलभक शिक्षक यांच्यासाठी आहे. उदाहरण तिसरी-चौथीच्या वाचनाचं घेतलं आहे. गणितालाही हीच चाल लागू पडते.

सूचना एका पानावर

परिषदेच्या आदल्या दिवशी सगळ्या सूचना एका पानावर घ्या. चार रकाने: काय, कुणी, कधीपर्यंत, कुठे भरायचं. यू-डायस प्लसची (शाळांच्या माहितीच्या ऑनलाइन नोंदीची) दुरुस्ती, आधार जुळणी, पोषण आहाराची माहिती, शालार्थची (ऑनलाइन पगाराची) कामं, सगळं त्याच पानावर. परिषदेत हे पान वाचू नका. प्रत वाटा, पाच मिनिटं वाचायला द्या आणि फक्त प्रश्न घ्या. सूचनांना एकूण अर्धा तास. घड्याळ बघून थांबायचं.

महिनाभराच्या सूचनांसाठी व्हॉट्सॲपवर दोन गट ठेवा. एकात फक्त ॲडमिन लिहील, दुसऱ्यात गप्पा आणि वाढदिवस चालू द्या. एकच गट असला की ‘प्राप्त’, ‘ओके सर’, ‘धन्यवाद मॅडम’च्या माळेखाली मूळ सूचना गाडली जाते आणि मग चौघांचे फोन येतात. सात पानांची पीडीएफ नुसती पुढे ढकलणं म्हणजे आपलं काम शिक्षकाच्या डोक्यावर देणं. पत्र आधी आपण वाचायचं आणि वर लिहायचं: ‘फक्त पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी. यादी शुक्रवारी दुपारी ४ पर्यंत. नमुना पान ३ वर.’ पहिल्याच ओळीत कुणासाठी आहे ते आलं की बाकीचे आपल्या कामाला लागतात. ‘अतितात्काळ’ हा शब्द खरंच त्याच दिवशीच्या कामालाच वापरा, नाहीतर तो कुणी वाचत नाही.

विषय एकच, आणि तो वह्यांतून

महिन्याला एकच विषय. पाच विषय घेतलेल्या परिषदेतून शाळेत शून्य विषय जातात. विषय ठरवण्यासाठी प्रत्येक शिक्षकाला तीन वह्या आणायला सांगा, पण हजेरीतले क्रमांक तुम्ही ठरवा: ३, ८ आणि १३. निवड शिक्षकावर सोडली की सुवाच्य अक्षराच्या वह्याच येतात. तीस-पस्तीस वह्या टेबलावर पसरल्या की कुठे अडलंय ते पाहणी अहवालाशिवाय दिसतं.

स्तर तपासणी

एकेका मुलाला बाजूला घेऊन वाचायला द्या. प्रत्येकी तीन-चार मिनिटं, पंचवीस मुलांचा वर्ग दोन दिवसांत होतो. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत वापरतात ते पाच स्तर पुरेसे आहेत: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करा. जमला तर गोष्ट द्या, अडला तर शब्दांवर या, तेही अडले तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द आले तर शब्दस्तर. अक्षरांनाही तोच नियम. मजकूर पाठ्यपुस्तकातला नको, कारण तो अर्ध्या वर्गाला पाठ असतो आणि मूल पानाकडे न बघता धडाधड ‘वाचतं’.

इथे एक चूक हमखास होते. आपल्याकडचं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतं, कामठीच्या हिंदी बोलणाऱ्या घरातलं ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणतं. ही वाचनाची चूक नाही, घरच्या बोलीचा उच्चार आहे. काही मुलं तर ‘का’ वाचून ‘काऊन’ म्हणतात, म्हणजे अर्थ कळून पुढे गेलेली असतात. अशा वेळी शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाच म्हणा, बस. उच्चारासाठी गुण कापून मुलाला खालच्या गटात टाकलं तर ते वर्षभर तिथेच कंटाळत बसतं.

निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानात तिसरीच्या मुलासाठी मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, अशी अपेक्षा आहे. ‘अर्थ समजून’ विसरून हातात स्टॉपवॉच घेतलं की मुलं रेल्वेच्या घोषणेसारखी वाचू लागतात. वेग मोजा, पण वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो आकडा लिहू नका.

खरी अडचण: गुरुजी एका गटाजवळ, बाकीच्यांचं काय?

स्तरानुसार गट करा, हे सगळे सांगतात. गट करायला दहा मिनिटं लागतात. पुढचा प्रश्न मात्र कुणी सोडवून देत नाही: शिक्षक अक्षरगटाजवळ बसला तर उरलेली सोळा-सतरा पोट्टी काय करतील? शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे भिवापूर-कुहीकडच्या कितीतरी शाळांत चार वर्ग आणि दोन शिक्षक. तिसरी-चौथी एका खोलीत, त्यात तीन स्तर. इथे ‘त्यांना स्वयंअध्ययन द्या’ हा सल्ला ऐकला की शिक्षक मान डोलावतात आणि घरी गेल्यावर विसरतात. बरोबरच करतात, कारण तो सल्ला अर्धवट आहे.

शिक्षक जवळ नसताना द्यायच्या कामाला चार अटी आहेत. ते काम मुलांनी आधी शिक्षकासोबत केलेलं असावं. बरोबर-चूक मुलाला स्वतः तपासता यावं. मधे उठून काही विचारावं लागू नये. आणि शेवटी डोळ्यांना दिसेल असं काहीतरी उरावं, तळफळ्यावर (भिंतीच्या तळाशी मुलांसाठी केलेल्या फळ्यावर) किंवा वहीत. यातली एक अट सुटली तरी सातव्या मिनिटाला ‘सर, हा मारतो’ सुरू होतं.

शब्दगटासाठी तळफळा सगळ्यात चांगला. जोडीला दहा शब्दपट्ट्या द्या. एकाने पट्टी वाचायची, उलटी ठेवायची, दुसऱ्याने तळफळ्यावर लिहायचं, पट्टी सुलटी करून ताडून बघायचं, मग अदलाबदल. दहा पट्ट्या दहा-बारा मिनिटं पुरतात. चाळीसचा गठ्ठा दिला की मुलं सोप्या पट्ट्या शोधण्यात वेळ घालवतात. पहिल्या पंधरवड्यात जोडाक्षरं टाकू नका, विशेषतः रफार. ‘कर्म’मधली खूण म वर दिसते म्हणून मूल आधी म म्हणतं आणि मग र, आणि जोडीदारही तसंच म्हणतो, म्हणजे तपासणीच चुकते. रफार शिक्षकाने समोर बसून, क-र्-म असा फोडूनच शिकवायचा.

गोष्टगटाला पुस्तक द्या आणि शेवटी दुसऱ्या जोडीसाठी तीन प्रश्न लिहायला सांगा. उत्तरं नकोत, प्रश्नच. उत्तरं एकमेकांची उतरवता येतात. प्रश्न काढायला मात्र गोष्ट वाचावीच लागते.

आता काय देऊ नये. ‘धडा उतरवून काढा’ हे काम आजच्या आज बंद करा. वर्ग शांत राहतो म्हणून ते सगळ्यांना आवडतं, पण न वाचता येणारं मूल अक्षरांची चित्रं काढत बसतं, पान भरतं, तपासून ‘छान’ मिळतं आणि जूनमध्ये जिथे होतं तिथेच मार्चमध्ये सापडतं. दुसरं, कायमचा गटप्रमुख नको. हुशार मुलगी उत्तरं सांगत सुटते आणि बाकीचे माना हलवतात. प्रमुख रोज बदला किंवा ठेवूच नका, जोड्यांवर काम भागतं.

सगळ्यात मोठी घाई पहिल्या दिवशी होते. तीन गट, तीन कामं एकदम सुरू केली की दहा मिनिटांत बाजार भरतो आणि शिक्षक म्हणतो, आमच्या मुलांना हे जमत नाही. पहिला आठवडा फक्त सवय लावायला ठेवा. सोमवार-मंगळवारी अख्खा वर्ग एकच तळफळा-काम करेल. शिक्षक काही शिकवणार नाही, फक्त पट्ट्या कशा घ्यायच्या, कशा परत ठेवायच्या, खडू तुटला तर काय करायचं, हे बसवेल. बुधवार-गुरुवारी अख्खा वर्ग जोडीवाचन करेल: एक वाचेल, दुसरा ओळीखाली बोट फिरवेल, पान उलटलं की अदलाबदल. शुक्रवारी दोन गट. तीन गट दुसऱ्या आठवड्यात. हा आठवडा ‘वाया’ गेल्याची तक्रार करणाऱ्यांना करू द्या. आठवडा न दिलेल्या वर्गांत वर्षभर रोज दहा मिनिटं आरडाओरड्यात जातात.

बसायची जागाही ठरवून घ्या. शिक्षकाने भिंतीला पाठ लावून, खाली मुलांसोबत बसायचं, म्हणजे उरलेला वर्ग नजरेसमोर राहतो. अक्षरगटाला २० मिनिटं, मग शब्दगटाला १५, शेवटची १० मिनिटं सगळ्यांचं उरलेलं काम बघायला. शिक्षकाने सोडल्यावर अक्षरगटाला काय? अक्षरकार्डांच्या जोड्या लावून तयार झालेले शब्द पाटीवर. अ-आ-इच्या क्रमाने जाऊ नका. ग, म, न आले की लगेच मन, नग आणि त्यानंतर काना देऊन मान, नाग, मामा. दुसऱ्या दिवशी शब्द वाचणारं मूल तिसऱ्या दिवशी शाळेत येतं.

वर्गात गलका होणार. तीन जोड्या मोठ्याने वाचत असतील तर तो वाचनाचा आवाज आहे. मुख्याध्यापकांनी दारातून ‘शांत बसा रे’ म्हणू नये, एवढं त्यांना परिषदेतच सांगून ठेवा.

परिषदेत सराव

आदर्श पाठ नको. निवडक पंधरा मुलं, रंगीत साहित्य आणि आठवडाभराची तयारी बघून शिक्षक टाळ्या वाजवतात आणि ‘आपल्याकडे असं कुठे’ म्हणतात. त्याऐवजी शिक्षकांनीच मुलं व्हायचं. तीन गट, एक शिक्षक वर्ग घेईल, २० मिनिटं. चौघांना चिठ्ठी द्या: एकाचं काम तीन मिनिटांत संपतं, एकाची पेन्सिल हरवते, एक काही बोलतच नाही, एक सारखा उठून विचारायला येतो. वर्ग घेणाऱ्याची तारांबळ होईल, होऊ द्या. मग बाकीच्यांनी उपाय सांगायचे. लवकर संपवणाऱ्यासाठी जास्तीच्या पाच पट्ट्या, सुटलेल्या पेन्सिलींचा डबा, ‘आधी जोडीदाराला विचार’ हा नियम, असे उपाय शिक्षकच काढतात आणि स्वतः काढलेले म्हणून वापरतात. शब्दपट्ट्या तिथेच कापून न्यायच्या. ‘शाळेत गेल्यावर करू’ म्हटलेलं साहित्य होत नाही.

हा सराव तर्री-पोहे सुरू होण्याआधी उरका. पोहे अकरा वाजता मधेच आले तर अर्धा तास गेला समजा.

शाळाभेट

परिषदेनंतर दहा दिवसांच्या आत जा. उशीर झाला की गोष्ट थंड होते, आणि ऑगस्टमधली परिषद असेल तर पोळा, तान्हा पोळा आणि गणपती आडवे येतात. वर्गात मागे खुर्ची टाकून शिक्षकाकडे बघू नका. शिक्षक नसलेल्या गटाशेजारी खाली बसा आणि तीन गोष्टी बघा: किती जोड्या खरंच वाचतात, किती वेळा कुणी उठतं, दहा मिनिटांनी तळफळ्यावर काय उरलं.

मग शिक्षकाला बाजूला घेऊन आधी विचारा, ‘मॅडम, कुठे अडतंय?’ उत्तर ऐकल्यावर एकच बदल सुचवा. शेरेबुकात अकरा सूचना लिहिल्या की शिक्षक एकही पाळत नाही आणि तुम्हालाही पुढच्या भेटीत काय बघायचं ते आठवत नाही. दोन ओळी पुरतात: काय चालू होतं, काय बदलायचं ठरलं. शक्य असेल तर पंधरा मिनिटं गोष्टगट तुम्ही घ्या. शिक्षकाला अक्षरगटाजवळ निवांत बसायला मिळतं, आणि तुमच्या पुढच्या परिषदेतल्या बोलण्याला वजन येतं.

पुढच्या परिषदेची पहिली पंधरा मिनिटं दोन शिक्षकांना: एक ज्याचं जमलं, एक ज्याचं बिनसलं. बिनसलेल्याला आधी बोलू द्या.

फेरतपासणी

सहा आठवड्यांनी तीच तपासणी, मजकूर नवा. गट बदला. न बदलणारा गट म्हणजे मुलांवर मारलेला शिक्का. जे मूल जागचं हललं नाही त्याच्या नावापुढे आधी हजेरी बघा. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत मोठ्या बहिणी लहान भावंडं सांभाळायला घरी राहतात, तिथे वाचनाची युक्ती चालत नाही, पालकांकडे जावं लागतं. हजेरी ठीक असेल तर मुलाला फळ्यावरचं शेवटच्या रांगेतून वाचायला सांगा, डोळे मिचकावत असेल तर शालेय आरोग्य तपासणीत त्याचं नाव द्या. देवलापारकडच्या गोंडी बोलणाऱ्या घरातलं मूल असेल तर आधी त्याच्याशी महिनाभर तोंडी मराठी बोला, चित्रं दाखवून, गोष्टी सांगून. ऐकलेला शब्द नसेल तर वाचलेल्या शब्दाला अर्थ येत नाही. हे सगळं बघूनही गाडी अडली असेल तरच तालुक्याच्या गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकाला बोलवा, आणि त्यांना दाखवायला त्या मुलाच्या सहा आठवड्यांच्या वह्या जपून ठेवा.