जुना मॉनिटर गेमिंगसाठी कधी बदलायचा?

मॉनिटर नीट चालतोय ना, मग घाई करू नका. आधी गेममध्ये एफपीएस काउंटर (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, तयार होतात ते दाखवणारा आकडा) लावा, ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनवर ४०-४५च मिळत असतील तर अडचण बहुतेक ग्राफिक्स कार्डची, पैसे तिथं घाला. कायम १०० च्या वर जातंय तर मात्र मॉनिटरच मागं पडलाय, कारण ६० हर्ट्झला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झला ६.९, आणि शूटर गेममध्ये झटकन वळलं की हा फरक लगेच कळतो. स्ट्रॅटेजी गेमवाल्यांनी निवांत राहावं. बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) लुकलुकतोय तर बदलाच, डोळे महत्त्वाचे. सांगलीत विश्रामबागला दुकानात स्क्रीन चालू करून बघूनच घ्या, आणि १४४ हर्ट्झचा घेतलात तर घरी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ स्वतः निवडा, बऱ्याचदा ते ६० वरच असतं.