टाळेबंदीतील नाशिकच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब कसा मांडावा

एप्रिल २०२० मध्ये द्वारका चौक आणि मुंबई नाका ओस पडले होते, सातपूर आणि अंबडमधील बहुतेक यंत्रे थांबली होती आणि हवेतला फरक प्रत्येक नाशिककराला जाणवत होता. मात्र कार्बन डायऑक्साइड किती घटला, या प्रश्नाचे उत्तर हवेत उपकरण धरून मिळत नाही, कारण धूर आणि धूळ काही दिवसांत विरतात, तर हा वायू वातावरणात शतकानुशतके साचून राहतो. जगाचे दैनंदिन उत्सर्जन २०१९ च्या सरासरीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी खाली आले असतानाही मे २०२० मध्ये हवाईतील मौना लोआ वेधशाळेत दर दशलक्ष भागांत सुमारे ४१७ भाग, म्हणजे तोवरची सर्वोच्च मासिक सरासरी नोंदली गेली. म्हणून शहरापुरता अभ्यास करणाऱ्याने हवा न मोजता जळालेले इंधन मोजावे.

प्रथम हद्द ठरवावी आणि ती शेवटपर्यंत बदलू नये. नाशिकच्या बाबतीत हा निर्णय विशेष महत्त्वाचा आहे, कारण शहराला लागूनच एकलहरे येथे ६३० मेगावॉट क्षमतेचे कोळशावरील वीज केंद्र आहे. तेथे जळालेला कोळसा मोजायचा की शहराने वापरलेली वीज, यांपैकी एकच पर्याय निवडावा. दोन्ही धरल्यास तेच उत्सर्जन दोनदा मोजले जाण्याचा धोका राहतो. शहरवासीयांच्या वर्तनातील बदल जाणून घ्यायचा असेल, तर वापरलेली वीज धरणे मला अधिक योग्य वाटते.

वाहनांसाठी पेट्रोल आणि डिझेलची विक्री हा सर्वांत भक्कम आधार आहे. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. समजा, एखाद्या पंपाची पेट्रोलविक्री एप्रिल २०१९ मधील ९०,००० लिटरवरून वर्षभराने ३६,००० लिटरवर आली, तर ५४,००० लिटरची ही घट सुमारे १२४ टन होते. डिझेलच्या बाबतीत मात्र मुंबई-आग्रा महामार्गावरचे पंप वेगळे काढावेत, कारण तेथे टाकी भरणारा मालट्रक ते डिझेल शहराबाहेर जाळत असतो.

विजेसाठी त्या काळात प्रति युनिट सुमारे ०.८ किलो कार्बन डायऑक्साइड हा देशाच्या ग्रिडचा गुणांक धरता येतो. अडचण गुणांकाची नसून आकड्यांची आहे. टाळेबंदीत घरोघरचे मीटर रीडिंग थांबले होते, सरासरीने बिले आकारली गेली आणि पुढे जूनमध्ये साठलेला वापर एकदम बिलात उतरला. त्यामुळे बिलांवरून एप्रिलचा वेगळा आकडा काढणे ही घोडचूक ठरेल. शक्य असेल तर उपकेंद्रातील फीडरच्या, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीच्या, नोंदी मिळवाव्यात, कारण त्यांत प्रत्यक्ष गेलेली वीज दिसते. त्या न मिळाल्यास मार्च ते जून हा काळ एकत्र धरावा. औद्योगिक आणि घरगुती फीडर वेगळे ठेवावेत, अन्यथा अंबडमधील घट आणि सिडकोतील घरांत वाढलेला पंख्यांचा वापर एकमेकांत मिसळून जातील.

घरगुती गॅसचा १४.२ किलोचा एक सिलिंडर जळाल्यावर सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. परंतु एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत उज्ज्वला योजनेतील कुटुंबांना सिलिंडर मोफत मिळत होते, त्यामुळे वितरणातील सगळी वाढ प्रत्यक्ष वापराची समजू नये.

तुलना कशाशी करायची, यावर सारा निष्कर्ष अवलंबून असतो. एप्रिल २०२० ची तुलना फेब्रुवारीशी करू नये, कारण ऊन, द्राक्षांचा हंगाम आणि त्यासोबतची मालवाहतूक महिन्यागणिक बदलत असते. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांतील एप्रिलचे आकडे घेऊन त्यांतील वाढीचा कल पुढे न्यावा आणि टाळेबंदी नसती तर २०२० मध्ये काय घडले असते, याचा अंदाज बांधून त्यातून प्रत्यक्ष आकडा वजा करावा. राज्यात २३ मार्चपासून आणि देशभर २५ मार्चपासून निर्बंध लागू झाल्याने मार्च महिना दोन तुकड्यांत मोजावा. गूगलच्या हालचाल अहवालांतील टक्केवारी वापरताना त्यांचा आधारकाळ ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० असा हिवाळ्यातला होता, याची नोंद ठेवावी.

शेवटी पडताळणीसाठी सेंटिनेल-५पी उपग्रहाचे नायट्रोजन डायऑक्साइडचे नकाशे पाहावेत. हा वायू काही तासच टिकत असल्याने जवळच्या ज्वलनाचा माग त्यावरून लागतो. तथापि त्याची टक्केवारी कार्बनवर जशीच्या तशी लादू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये या उपग्रहाच्या नोंदींची चौकट, म्हणजे एका नोंदीत मावणाऱ्या जमिनीच्या तुकड्याची लांबी, ७ किलोमीटरवरून ५.५ किलोमीटरवर आली, त्यामुळे दोन्ही वर्षांचे नकाशे समान चौकटीत बसवून आणि निदान महिनाभराची सरासरी काढूनच तुलना करावी. एकलहऱ्याची चौकट शहराच्या चौकटींपासून वेगळी काढता आली, तर वाहनांमुळे झालेली घट अधिक स्पष्ट दिसते.