‘सुटका’ इंग्रजीत लिहिताना कोणता शब्द?

आधी बघा, कोण कशातून सुटलं. राधानगरी धरणातून सोडलेलं पाणी असो की कळंबा जेलमधून जामिनावर सुटलेला कैदी, दोन्हीकडे ‘रिलीज’ चालतो. जामिनाला ‘अ‍ॅक्विट’ कधीच लिहू नका. ‘अ‍ॅक्विट’ खटला चालून निर्दोष ठरल्यावरच.

खरा घोळ ‘डिस्चार्ज’चा. कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलमधून पेशंटला मिळतो तोही डिस्चार्ज. आणि कोर्टाने खटल्याला पुरेसा आधार नाही म्हणून आरोप निश्चित करण्याआधीच आरोपीला वगळलं, तर तोही डिस्चार्जच. बातमीत इथे ‘अ‍ॅक्विट’ पडला की अर्थ पार बदलतो.

परकी सत्ता हटवून मुलूख सोडवला तर ‘लिबरेट’. गुलामी कायद्याने संपली तर ‘इमॅन्सिपेट’. लिंकनच्या १८६३ च्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याच्या इंग्रजी नावात त्याचंच रूप, ‘इमॅन्सिपेशन’. बहुतेकांपुढे ‘फ्रॉम’ लावा, ‘अ‍ॅक्विट’पुढे मात्र ‘ऑफ’.