ग्राफिक्स कार्ड: मागच्या पिढीतलं मोठं घ्यायचं की नव्या पिढीतलं छोटं?

गेमिंग पीसीसाठी कार्ड घ्यायची वेळ आली की सगळे एकच विचारतात, जुनं घेऊ का नवं, आणि उत्तरंही ठरलेली असतात, कोणी म्हणतं नवीनच घे उगाच डोक्याला ताप नको, कोणी म्हणतं जुनं तगडं कार्ड घे पैसे वसूल होतील. माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या वयावरून काही ठरवू नका. दोन गोष्टी बघायच्या, आजच्या गेम्सना लागणारी फीचर्स कार्डाच्या हार्डवेअरमध्ये आहेत का, आणि व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, किती आहे. या दोन्हीत जी कार्डं पास होतात त्यांच्यातूनच मग किंमत, वॉरंटी, वीज बघून एक उचलायचं.

पण त्याच्याही आधी एक काम करा, आत्ताच्या पीसीत नक्की काय कमी पडतंय ते बघा. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाका, त्याच्याबरोबर रिव्हाट्यूनर येतं, त्यातून स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) युसेज, व्हीरॅम, प्रत्येक सीपीयू (प्रोसेसर) थ्रेडचा लोड आणि फ्रेम टाइम (एक फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ) हे सगळं चालू करा आणि नेहमीचा गेम अर्धा तास खेळा. व्ही-सिंक आणि फ्रेम कॅप (फ्रेमचा वेग बांधून ठेवणाऱ्या सेटिंग्ज) मात्र बंद ठेवा नाहीतर आकडे फसवतात. जीपीयू ९५ ते ९९ टक्क्यांवर आहे आणि तरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) कमी आहेत, म्हणजे कार्डच कमी पडतंय. जीपीयू ६० टक्क्यांवर निवांत बसलंय आणि एफपीएस वर जात नाहीत, म्हणजे घोडं प्रोसेसरपाशी अडलंय. इथे बरेच जण गडबडतात कारण एकूण सीपीयू ४० टक्केच दिसतो, पण गेमचा मुख्य थ्रेड ज्या कोअरवर चालतो तो एकटाच फुल भरलेला असतो. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन एकदम खाली आणा, तरीही एफपीएस तेवढेच राहिले तर प्रोसेसरच अडवतोय, आणि मग कुठलंही कार्ड टाका, जुनं नाहीतर नवं, फरक पडणार नाही.

तिसरा प्रकार जास्त फसवा आहे. सरासरी एफपीएस छान दिसतात पण दर काही सेकंदांनी गेम अडकतो, कॅमेरा फिरवला की फ्रेम टाइमच्या रेषेत उंच सुळका येतो, समोरच्या भिंतीचं टेक्स्चर (पृष्ठभागावरचं चित्र) आधी चिखलासारखं दिसतं आणि मग हळूच साफ होतं, काही गेम्समध्ये तर साफ होतच नाही. हे व्हीरॅम भरल्याचं लक्षण आहे. कार्डाची मेमरी संपली की गेम सिस्टिमच्या रॅममधून डेटा ओढायला लागतो आणि तो रस्ता कितीतरी पटीने हळू असतो.

आता पहिली चाळणी, फीचर्सची. माझी रेषा सरळ आहे: एनव्हिडियामध्ये आरटीएक्स २० सिरीजच्या खाली जायचं नाही आणि एएमडीमध्ये आरएक्स ६००० च्या खाली जायचं नाही. यांच्यापासून पुढेच रे ट्रेसिंगचं (खऱ्यासारखा प्रकाश आणि सावल्या दाखवण्याचं) हार्डवेअर आणि मेश शेडर (दृश्यातले आकार झटपट तयार करण्याची सोय) हे दोन्ही मिळतात. आधी हे शोभेचं वाटायचं, आता नाही. डिसेंबर २०२४ मधला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ मधला 'डूम: द डार्क एजेस' या दोन्ही गेम्सना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्ड लागतंच, सेटिंग्जमध्ये ते बंद करायची सोयच नाही, आणि दोघांच्याही किमान यादीत आरटीएक्स २०६० सुपर आणि आरएक्स ६६०० ही नावं आहेत.

यामुळे जीटीएक्स १०८० टीआय यादीतून बाहेर जातं आणि हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं, कारण २०१७ मध्ये आलेलं ११ जीबीचं ते कार्ड साध्या गेम्समध्ये आजही आरटीएक्स ३०६० च्या आसपास पळतं. पण त्यात डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) नाही, रे ट्रेसिंगचे कोअर नाहीत, आणि एनव्हिडियाने २०२५ मध्ये जाहीर केलं की मॅक्सवेल आणि पास्कल (१०८० टीआय याच पास्कल पिढीतलं) कार्डांसाठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, त्यानंतर २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट. ते आधीपासून तुमच्याकडे असेल तर चालू द्या, जोवर तुमचे गेम चालतात तोवर काढायची काही गरज नाही, पण आज नव्याने विकत घेऊ नका. आरएक्स ५८० चं पण तेच, आणि जीटीएक्स १६ सिरीज नावाने नवी वाटली तरी तिच्यात रे ट्रेसिंगचे कोअर नाहीत म्हणून तीही बाद. आरएक्स ५७०० एक्सटी सुद्धा याच रेषेच्या खाली राहतं, कितीही स्वस्त मिळालं तरी.

दुसरी चाळणी व्हीरॅमची. १०८०पी रिझोल्यूशनसाठी ८ जीबी हे मी आता किमान धरतो, चांगलं धरत नाही. १४४०पी ला १२ जीबी हवी, ४के खेळायचं असेल तर १६. रे ट्रेसिंग आणि फ्रेम जनरेशन (दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डाने बनवलेल्या फ्रेम घालणं) हे दोन्ही वरून अजून मेमरी खातात, त्यामुळे ज्या फीचरच्या नावाखाली नवं ८ जीबी कार्ड विकलं जातं तेच फीचर चालू केलं की मेमरी पुरत नाही असं होतं.

उदाहरण घ्या, आरटीएक्स ३०६० आणि ४०६०. ३०६० आलं २०२१ मध्ये, १२ जीबी, १९२ बिट बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता), १७० वॉट. ४०६० आलं २०२३ मध्ये, ८ जीबी, १२८ बिट बस, ११५ वॉट. नुसता वेग बघितला तर ४०६० पुढे आहे, वीज कमी, गरम कमी, डीएलएसएस फ्रेम जनरेशन आहे. पण टेक्स्चर अल्ट्रावर टाकून मेमरी ८ जीबीच्या वर गेली की ३०६० सुरळीत चालतं आणि ४०६० अडखळतं. ज्याला स्पर्धात्मक शूटर खेळायचे आहेत त्याने ४०६० घ्यावं, ज्याला मोठे ओपन वर्ल्ड गेम मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) टाकून खेळायचे आहेत त्याला मी ३०६० सांगेन, आणि मॉडवाल्यांनी तर याबाबतीत अजिबात तडजोड करू नये कारण टेक्स्चर पॅक मेमरी गिळतात. ३०६० चं ८ जीबीवालं एक व्हर्जन पण आहे, ते टाळा, त्याची बस १२८ बिटची आहे.

नावातली ही गोम नीट समजून घ्या, आकडा एकच आणि कार्ड वेगळं असं बरेचदा असतं. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबी मध्ये फक्त मेमरीचा फरक नव्हता, कोअरही कमी होते. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी व्हर्जन ८ जीबीवाल्यापेक्षा बरंच हळू आहे. 'आरएक्स ५८० २०४८एसपी' म्हणजे खरं तर ५७० च. एनव्हिडियाच्या नावात शेवटचे दोन आकडे कार्डाचा दर्जा सांगतात आणि त्याच्या आधीचे पिढी, आणि बहुतेकदा दर्जा पिढीपेक्षा जास्त मोलाचा ठरतो. २०१८ चं आरटीएक्स २०८० टीआय घ्या, वेगात ३०७० च्या बरोबरीला बसतं आणि मेमरी ११ जीबी, म्हणजे ३०७० पेक्षा ३ जीबी जास्त.

वरच्या वर्गात ३०८० आणि ४०७० यांची तुलना बघण्यासारखी आहे. वेग जवळपास सारखा. ३०८० ला ३२० वॉट लागतात आणि मेमरी १० जीबी, ४०७० ला २०० वॉट आणि १२ जीबी. १२० वॉटचा फरक, रोज चार तास खेळलात तर वर्षाला साधारण १७५ युनिट. त्यात ३०८० साठी एनव्हिडिया ७५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगतं, ४०७० ला ६५० पुरतो. शिवाय ३०८० क्षणभर मोठे झटके घेतं, हलका पॉवर सप्लाय असेल तर ऐन खेळात पीसी धाडकन बंद पडतो. म्हणून जुनं मोठं कार्ड स्वस्त वाटलं तरी त्याच्या किमतीत पॉवर सप्लाय आणि वीजबिल मिळवूनच तुलना करा.

अपस्केलिंगबद्दल थोडक्यात. डीएलएसएस अपस्केलिंग सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं, २०२५ मध्ये आलेलं नवं ट्रान्सफॉर्मर मॉडेल सुद्धा २० सिरीजवर चालतं, फक्त जुन्या कार्डांवर त्याचा भार जास्त पडतो. फ्रेम जनरेशन ४० सिरीजपासून, मल्टी फ्रेम जनरेशन ५० सिरीजमध्ये. एएमडीकडे एफएसआर ४ (त्यांचं अपस्केलिंग) आलं ते आरएक्स ९००० बरोबर, आणि चित्राच्या बाबतीत एफएसआर ३ पेक्षा ते खूपच चांगलं आहे, त्यामुळे एएमडी घेणाऱ्याला नवीन पिढीकडे जायचं हे एक खरं कारण आहे. पण फ्रेम जनरेशनच्या जाहिरातीतले एफपीएस बघून कार्ड घेऊ नका. मूळ एफपीएस ६० च्या आसपास असतील तर ते छान वाटतं, ३० वरून ओढून वाढवलेले फ्रेम डोळ्याला गुळगुळीत दिसतात पण माउस चिकटल्यासारखा वाटतो.

पीसी जुना असेल तर मदरबोर्डही बघा. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, ५०६० ही कार्डं पीसीआयईच्या (मदरबोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या) आठच लेन वापरतात, आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच. पीसीआयई ३.० च्या बोर्डवर आठ लेनवाल्यांचं फार बिघडत नाही जोवर व्हीरॅम भरत नाही, पण ६५०० एक्सटी तिथे सपशेल मार खातं, ४ जीबी मेमरी आणि वर अरुंद रस्ता, ते घेऊच नका. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीमुळे खूप आकर्षक आहे पण त्याला रिसाइजेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बायोसमधली सोय) लागतंच आणि जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग पडतो, म्हणून ते नवीन पीसीसाठीच.

वापरलेलं कार्ड घेत असाल तर समोर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आधी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, चिपचं नाव, मेमरी, बस सगळं ताडून बघा. बायोस बदलून जुनं कार्ड नव्या नावाने खपवणारे आहेत आणि ओळखता आलं तर जीपीयू-झेड नावाआधी चक्क फेक असं दाखवतं. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) पंधरा मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तीन आकडे बघा: जीपीयूचं तापमान, हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि मेमरीचं तापमान. पहिल्या दोघांत २५ अंशांपेक्षा जास्त अंतर पडलं तर थर्मल पेस्ट वाळली असं समजा, हे दुरुस्त होतं पण भाव पाडून घ्या. ३०८० सारख्या जीडीडीआर६एक्स कार्डात मेमरी ११० अंशांपर्यंत पोचली तर थर्मल पॅड गेलेत. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन किंवा रेघा दिसल्या तर मात्र बोलणी तिथेच थांबवा, ती मेमरी नाहीतर चिप मरायला लागलेली असते आणि अशी कार्डं गरम करून तात्पुरती जिवंत करून विकली जातात. कानही लावा, पंखा खरखरत असेल तर बेअरिंग गेलंय. सगळे पोर्ट एकेक करून मॉनिटर लावून तपासा, आणि कार्डावरचा सिरियल नंबर बिलाशी जुळतो का ते बघा.

क्रिप्टो मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड म्हटलं की लोक लगेच नको म्हणतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं जीपीयू मायनिंग बंद झालं आणि तेव्हा ३० सिरीजची ढीगभर कार्डं बाजारात आली, त्यातली कितीतरी आजही नीट चालतायत. एकसारख्या तापमानाला, कमी पॉवरवर चाललेल्या चिपला सहसा काही होत नाही, झिजतात ते पंखे आणि थर्मल पॅड. वरच्या चाचण्यांत कार्ड पास झालं तर मायनिंगचं आहे एवढ्यावरून नाकारू नका, फक्त त्याचा भाव तसा लावा. पण ज्याच्याकडे पीसी एकच आहे आणि उघडून दुरुस्त करायची हौस नाही, त्याने वॉरंटीवालं नवीनच घ्यावं, थोडं हळू असलं तरी.

कार्ड आणलं की जुना ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने सेफ मोडमध्ये जाऊन साफ करा, विशेषतः एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट जात असाल तर. बायोसमध्ये रिसाइजेबल बार चालू करा, मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही तर कार्डाला लावा, सोळा पिनचा पॉवर कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत जाईपर्यंत दाबा आणि तोंडाशीच वाकवू नका. मग विंडोजमध्ये जाऊन मॉनिटरचा रिफ्रेश रेट तपासा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर कित्येकदा गुपचूप ६० वर पडलेला असतो.